सीडी८ टी पेशींवर सीजीआरपीचा परिणाम कधी दिसतो, कधी अजिबात नाही: प्रोटोकॉलमध्ये कुठं चुकतंय?

टीपेशी_४०४

नमस्कार. वेदनावाहक चेतातंतू कर्करोगाच्या गाठीत सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड) सोडतात, ते सीडी८ टी पेशींवरच्या (कर्कपेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी) रॅम्प-१ हे जोडप्रथिन असलेल्या ग्राहीला लागतं आणि पेशी लवकर थकतात, म्हणजे काम करेनाशा होतात, हे मेलानोमावरचं २०२२ चं 'नेचर'मधलं काम इथल्या बहुतेकांनी वाचलं असेल. मला त्यातला फक्त शेवटचा दुवा, म्हणजे पेप्टाइड ते टी पेशी, प्लेटमध्ये उभा करायचा आहे. पाच वेळा केलं. दोनदा इंटरफेरॉन-गॅमा (जाग्या टी पेशी सोडतात ते संदेशप्रथिन) थोडा उतरला, तीनदा काहीच नाही.

सध्याची पद्धत अशी: सी५७ब्लॅक/६ उंदराच्या प्लीहेतून निगेटिव्ह सिलेक्शनने सीडी८ पेशी, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर. आरपीएमआय मीडिया, १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम), ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, १०० युनिट प्रति मिली आयएल-२. सीडी३/सीडी२८ मणी पेशींना एकास एक. सुरुवातीलाच १०० नॅनोमोलर सीजीआरपी, एकदाच. ७२ तासांनी पीडी-१, लॅग-३, टिम-३ (थकव्याचे मानले जाणारे मार्कर) आणि इंटरफेरॉन-गॅमाचं फ्लो सायटोमेट्रीवर मोजमाप. पीडी-१ दोन्हीकडे ९० टक्क्यांच्या आसपास, फरक शून्य.

पुढचा टप्पा बी१६एफ१० मेलानोमा असलेल्या उंदरांचा आहे. लॅबमध्ये एरेनुमॅबची (सीजीआरपी ग्राही अडवणारी मायग्रेनची अँटिबॉडी) कुपी पडून आहे, ग्राही अडवायला तीच वापरावी असा विचार आहे. प्लेटचं नीट बसल्याशिवाय उंदीर वापरायचे नाहीत, म्हणून आधी इथे विचारतोय.

पेप्टाइडकर

तुमच्या मीडियातच पहिला संशयित आहे. सीजीआरपी ३७ अमिनो आम्लांचं आहे आणि त्याच्या दुसऱ्या व सातव्या जागेवरच्या सिस्टिनमध्ये डायसल्फाइड पूल असतो. त्या पुलामुळे जी छोटी कडी तयार होते तीच ग्राहीला चालू करते. कडी काढून टाकलेला ८ ते ३७ हा तुकडा ग्राहीला चिकटतो, पण चालू करत नाही. तो चक्क अवरोधक म्हणून विकला जातो. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलचं कामच डायसल्फाइड तोडणं. ५० मायक्रोमोलर फार नाही, सीरम असलेल्या मीडियात ते हळूहळू ऑक्सिडाइझही होतं. पण तुमचं पेप्टाइड १०० नॅनोमोलर आहे, म्हणजे रिड्यूसिंग एजंट त्याच्या ५०० पट. मीडिया ताजा होता की आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेला, एवढ्यावरही निकाल हलू शकतो. पाचातून दोनदा दिसणं आणि तीनदा न दिसणं याच्याशी हे जुळतं.

करायचं असं: पेशी नेहमीच्या मीडियात वेगळ्या करा, पेप्टाइड घालायच्या आधी दोनदा धुवा आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल नसलेल्या मीडियात घ्या. उंदराच्या टी पेशी त्याशिवाय थोड्या कुरकुरतात, वाढ कमी होते, म्हणून जिवंत पेशींचं प्रमाण प्रत्येक वेलमध्ये मोजा. 'बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलसह' आणि 'त्याशिवाय' अशा दोन्ही ओळी एकाच प्लेटवर ठेवल्यात तर उत्तर एकाच प्रयोगात मिळेल. पूल शाबूत आहे का याचा थेट ताळा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर घेता येतो: पूल तुटला की वस्तुमान २ डाल्टनने वाढतं. एलायझावर (अँटिबॉडीने पेप्टाइड मोजणारी चाचणी) मात्र विसंबू नका. त्यातली अँटिबॉडी पूल तुटलेलं पेप्टाइडही पकडू शकते, आणि मग पेप्टाइड आहे म्हणून आकडा येतो, काम मात्र होत नाही.

दुसरा मुद्दा मात्रेचा. कुपीवर ०.५ मिग्रॅ लिहिलेलं असतं ते एकूण वजन. त्यात ट्रायफ्लुओरोॲसिटेट आणि पाणी धरलेलं असतं. खरं पेप्टाइड बऱ्याचदा ७० ते ८० टक्के. उंदीर-घूस अल्फा-सीजीआरपीचा रेणूभार सुमारे ३८०६. म्हणजे ०.५ मिग्रॅ ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं तर कागदावर २६३ मायक्रोमोलर, आणि ७५ टक्के धरले तर प्रत्यक्षात १९७. बॅचच्या प्रमाणपत्रावर 'नेट पेप्टाइड कंटेंट' छापलेलं असतं, हिशोब त्यावरून करा.

तिसरं, हे पेप्टाइड प्लास्टिकला आणि काचेला चिकटतं. नॅनोमोलर द्रावण साध्या नळीत अर्धा तास ठेवलं की बराच भाग भिंतीवर जातो. लो-बाइंड नळ्या घ्या, विरल द्रावणात ०.१ टक्के बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) ठेवा, आणि तेच बीएसए असलेलं पण पेप्टाइड नसलेलं द्रावण कंट्रोल वेलमध्ये घाला. ही शेवटची गोष्ट हटकून राहते आणि मग बीएसएचाच परिणाम पेप्टाइडच्या नावावर जमा होतो. कुपी उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, एक भाग एकदाच वापरा.

टी पेशींवर जाण्याआधी कुपी जिवंत आहे याची खात्री करून घ्या. एसके-एन-एमसी या मानवी पेशींवर सीजीआरपी ग्राही मुळातच असतो. त्यांना ०.०१ ते १०० नॅनोमोलर अशी मालिका द्या, सोबत आयबीएमएक्स (सीएएमपी तुटू न देणारं रसायन), १५ मिनिटांनी सीएएमपी (ग्राही चालू झाल्यावर पेशीच्या आत वाढणारा संदेशवाहक रेणू) मोजा. वक्राचा मध्य १ नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याखाली यायला हवा. ५० नॅनोमोलरला आला तर कुपी फेकून द्या.

चिवट_लिम्फोसाइट

पेप्टाइडचं वर आलंच आहे. पण पेप्टाइड उत्तम असतं तरी या मांडणीत परिणाम दिसायची शक्यता कमीच होती. कारण मणी.

सीजीआरपीचा ग्राही जीएस प्रथिनाला जोडलेला आहे: सीएएमपी वाढतं, पीकेए हे एन्झाइम जागं होतं, पीकेए सीएसके या एन्झाइमला चालना देतं, सीएसके टी पेशी ग्राहीचा संदेश सुरू करणाऱ्या एलसीकेला ५०५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावून झोपवतं. थोडक्यात, हा टी पेशी ग्राहीच्या अगदी पहिल्या पायरीवरचा ब्रेक आहे. आता सीडी२८ काय करतं? ते पीडीई४ हे सीएएमपी तोडणारं एन्झाइम नेमकं त्याच जागी, टी पेशी ग्राहीजवळ ओढून आणतं. म्हणजे मण्यांवरची सीडी२८ अँटिबॉडी तुमचा ब्रेक तिथल्या तिथे सोडते. वर १०० युनिट आयएल-२. अशा वेलमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई२ चासुद्धा परिणाम फिका दिसतो, तर सीजीआरपीचं काय घेऊन बसलात.

हे तुमच्याच प्लेटवर तपासता येईल. तीन वेल: फक्त सीजीआरपी, सीजीआरपी अधिक १० मायक्रोमोलर रोलिप्रॅम (पीडीई४ चा अवरोधक), आणि १० मायक्रोमोलर फोर्सकोलिन (ग्राहीशिवाय थेट सीएएमपी वाढवणारं). फोर्सकोलिनमध्येही इंटरफेरॉन उतरत नसेल तर उत्तेजना जास्त आहे, ग्राहीचा प्रश्न पुढचा. फोर्सकोलिनमध्ये उतरतो पण सीजीआरपीत नाही, तर पेप्टाइड किंवा ग्राही. रोलिप्रॅम घातल्यावरच सीजीआरपी दिसतं, तर पीडीई४. रोलिप्रॅमचा एकट्याचा वेलही हवाच, ते स्वतः थोडं दाबतं.

उत्तेजना कमी करायचे मार्ग: मणी पाच पेशींना एक करा, किंवा प्लेटवर चिकटवलेलं सीडी३ ०.२५, ०.५, १ आणि २ मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी पायरी लावा आणि जिथे इंटरफेरॉन कमालच्या निम्म्यावर असतो ती पायरी धरा. ब्रेक तिथेच दिसतो.

आता पीडी-१. ७२ तासांच्या पेशीवर पीडी-१ असणं म्हणजे पेशी जागी झाली, एवढंच. थकवा त्यावरून ठरत नाही. चौदा दिवस गाठीत राहिलेल्या पेशीत जे दिसतं ते तीन दिवसांच्या मण्यांत शोधू नका. थकवा हवा असेल तर प्रतिजन पुन्हा पुन्हा दाखवावं लागेल. ओटी-१ पेशी (ज्यांचा टी पेशी ग्राही ओव्हाल्ब्युमिनच ओळखतो) घ्या, ओव्हाल्ब्युमिनचा २५७ ते २६४ हा तुकडा १० नॅनोग्रॅम प्रति मिली रोज, पाच दिवस, दररोज धुऊन ताजा. सोबत आयएल-७ आणि आयएल-१५ प्रत्येकी ५ नॅनोग्रॅम प्रति मिली. बाजूला एकदाच तुकडा दिलेल्या पेशी. पाचव्या दिवशी टॉक्स, टीसीएफ-१, टिम-३ हे थकव्याशी निगडित मार्कर बघा आणि मग सगळ्या वेलमधल्या पेशी मोजून, सारख्या संख्येने, ताज्या प्रतिजनावर ४ ते ६ तास ब्रेफेल्डिनसह (साइटोकाइन पेशीतच अडवून ठेवणारं) पुन्हा उत्तेजित करा. इंटरफेरॉन आणि टीएनएफ दोन्ही देणाऱ्या पेशींचं प्रमाण हा सगळ्यात प्रामाणिक आकडा. पेशी मोजल्याशिवाय ही पायरी करू नका: सीजीआरपीने वाढ कमी झाली असेल तर वेलमध्ये पेशी कमी, म्हणून एलायझात इंटरफेरॉन कमी. तो थकवा नव्हे.

आणि एकदाच घातलेलं पेप्टाइड पाच दिवस पुरत नाही. मीडियातली पेप्टिडेझ ते खातात, शिवाय ग्राही पेप्टाइडसकट पेशीच्या आत जातो. रोज मीडिया बदलताना ताजं घाला. सुरुवातीलाच, की २४ तासांनी, की ४८, हे तिन्ही वेगवेगळे करा. ग्राही जाग्या झालेल्या पेशीवर जास्त येतो, आणि सुरुवातीला घातलेलं पेप्टाइड तो येईपर्यंत संपलेलं असू शकतं.

टीपेशी_४०४

खूप आभार. मर्कॅप्टोइथेनॉलचा विचार मनातही आला नव्हता. दोन उपप्रश्न. रॅम्प-१ साठी आणलेल्या अँटिबॉडीला वेस्टर्नवर तीन पट्टे येतात, फ्लोवर सगळी लोकसंख्या थोडी उजवीकडे सरकते, त्यातून काय समजायचं? आणि सीएएमपी सोडून एका पेशीच्या पातळीवर संदेश पोहोचला हे कशाने दाखवता येईल? सीआरईबी-फॉस्फेट (पीकेए ज्याला फॉस्फेट लावतं असं प्रथिन) करून पाहिलं, कंट्रोलमध्येही तेवढंच.

चिवट_लिम्फोसाइट

सीआरईबीचं १३३ क्रमांकाचं सेरिन टी पेशी ग्राहीकडूनही फॉस्फेट घेतं, म्हणून उत्तेजित पेशीत ते उपयोगाचं नाही. व्हॅस्प प्रथिनाचं १५७ क्रमांकाचं सेरिन बघा, ते पीकेएचं आवडतं ठिकाण आहे. पेशी दोन तास आयएल-२ शिवाय शांत ठेवा, पेप्टाइड द्या, ५, १५ आणि ३० मिनिटांनी लगेच फॉर्माल्डिहाइड, मग बर्फासारखं थंड ९० टक्के मेथॅनॉल. मेथॅनॉलमध्ये पीई, एपीसी आणि त्यांचे टँडम रंग मरतात, म्हणून पृष्ठभागाचे मार्कर अलेक्सा गटातल्या रंगांवर घ्या किंवा आधीच शुद्ध केलेल्या पेशी वापरा.

अँटिबॉडीचं: रॅम्प-१ १४८ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे, पट्टा १७ किलोडाल्टनच्या आसपास हवा, त्यावर रॅम्प-२ आणि ३ सारखी साखरही नसते. वरचे पट्टे जोडीचे असू शकतात, भलतेही असू शकतात. रॅम्प-१ नसलेल्या उंदराच्या पेशीत पट्टा गेला नाही तर त्या अँटिबॉडीवर एक ओळही लिहू नका. क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए मोजणं) जास्त विश्वासाचं. मात्र रॅम्प-१ सोबत सीएएलसीआरएल हा ग्राहीचा मुख्य भागही मोजा. सीएएलसीआरएल रॅम्पशिवाय पृष्ठभागावर पोहोचतच नाही आणि एकट्या रॅम्पला पेप्टाइड पकडता येत नाही. एकाच्याच आलेखावरून 'ग्राही आहे' म्हणणारे पेपर बरेच आहेत. शिवाय रॅम्प-१ कॅल्सिटोनिन ग्राहीशी जोडी लावून ॲमायलिनचा ग्राही बनवतं, आणि सीजीआरपी तिथेही जोरात लागतं. कॅल्सिटोनिन ग्राहीचा प्राइमर त्याच प्लेटवर ठेवा, खर्च काहीच नाही.

गँगलिऑन

उंदरांबद्दल लिहितो, कारण पैसा आणि जीव दोन्ही तिथे जातात.

एरेनुमॅब उंदरात वापरू नका. ती अँटिबॉडी मानवी ग्राहीवर बसते, उंदराच्या ग्राहीला ओळखत नाही. निकाल 'परिणाम नाही' असा येईल आणि तो अँटिबॉडीचा असेल, जीवशास्त्राचा नाही. पेप्टाइडलाच पकडणाऱ्या अँटिबॉडी, उदाहरणार्थ फ्रेमानेझुमॅब, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या सीजीआरपीवरही चालतात.

छोट्या रेणूंमध्येही हाच सापळा आहे. ओल्सेजेपँट हा सीजीआरपी ग्राहीचा अवरोधक मानवी रॅम्प-१ च्या ७४ क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅनला धरून बसतं. उंदीर-घुशीत त्या जागी लायसिन आहे, त्यामुळे पकड शंभरपटींहून जास्त सैल. मानवी पेशीत १ नॅनोमोलर भरपूर होतं. उंदराच्या टी पेशींवर १ मायक्रोमोलरच्या खाली जाऊ नका. उंदरात ५ मिग्रॅ प्रति किलो, पोटात, दिवसाआड, गाठ हाताला लागायला लागल्यापासून, ही सुरुवातीची मात्रा ठीक. विरघळवताना आधी थोडं १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, मग सलाइन, मग सामू ६.५ ते ७ वर. सामू भराभर वाढवला की ते खाली बसतं आणि पिचकारीत गढूळ द्रावण येतं. तसं आलं तर देऊ नका.

चेतातंतूच काढायचे असतील तर रेझिनिफेराटॉक्सिन: चार आठवड्यांच्या उंदरांना लागोपाठ तीन दिवस ३०, ७० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति किलो, त्वचेखाली, भूल देऊन. हातमोजे, चष्मा, हूड यांत कसूर नको; डोळ्यात कण गेला तरी भयानक आग होते. आठवड्याने ५२ अंशांच्या पाण्यात शेपटी धरून प्रतिक्रियेचा वेळ मोजा. जो उंदीर अजून चटकन शेपटी ओढतो तो गटातून बाहेर, आणि हा निकष आधी लिहून ठेवा, गाठी मोजल्यावर नव्हे. गाठ घालायच्या आधी दोन ते चार आठवडे थांबा.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते. सीजीआरपी हे शरीरातल्या जोरदार रक्तवाहिनी-विस्फारकांपैकी एक आहे. २००८ मध्ये जपानी गटाने दाखवलं की सीजीआरपी नसलेल्या उंदरांत लुईस फुप्फुस-कर्करोगाच्या गाठी लहान राहतात, आणि त्यांचं स्पष्टीकरण नव्या रक्तवाहिन्या कमी होणं हे होतं. त्यात टी पेशींचं नावही नाही. १९९३ पासून हेही माहीत आहे की त्वचेतल्या लँगरहान्स पेशींना सीजीआरपी असलेले तंतू चिकटलेले असतात आणि ते त्यांची प्रतिजन दाखवायची क्षमता कमी करतं. म्हणजे अवरोधक दिला आणि गाठ लहान झाली, तर त्याची तीन तरी कारणं संभवतात: रक्तपुरवठा, प्रतिजन दाखवणाऱ्या पेशी, टी पेशी. टी पेशींचं श्रेय द्यायचं तर सीडी८ काढलेला गट हवा, सीडी८ पेशी नष्ट करणारी २.४३ क्लोनची २०० मायक्रोग्रॅम अँटिबॉडी गाठीच्या आदल्या दिवसापासून, पुढे दर तीन-चार दिवसांनी. त्या गटातही अवरोधकाने गाठ तेवढीच लहान झाली तर तुमची कथा टी पेशींची नाही. सगळ्यात पक्का पुरावा 'नेचर'मधल्या त्या माँट्रियलच्या कामातलाच: टी पेशी नसलेल्या एकाच उंदरात रॅम्प-१ असलेल्या आणि नसलेल्या सीडी८ पेशी मिसळून सोडायच्या. गाठ तीच, रक्तवाहिन्या त्याच, फरक फक्त ग्राहीचा. जमलं तर हाच प्रयोग करा, बाकी चार वगळले तरी चालतील.

फ्लो करताना गाठींचा आकार जुळवून घ्या. लहान गाठीत थकलेल्या पेशी तशाही कमी असतात. उपचारित गटाच्या १५० घन मिमीच्या गाठी आणि कंट्रोलच्या ९०० घन मिमीच्या गाठी एकाच दिवशी काढून 'थकवा कमी झाला' म्हणणं म्हणजे आकारच पुन्हा मोजणं. काही उंदीर दिवसाने नव्हे, आकाराने जुळवून काढा.

बी१६एफ१० वर एमएचसी-१ (टी पेशींना प्रतिजन दाखवणारं प्रथिन) फार कमी असतं, इंटरफेरॉन मिळाल्यावर वाढतं. त्यामुळे टी पेशींवरचा ब्रेक काढूनही या गाठीत फरक छोटाच दिसू शकतो. ओव्हाल्ब्युमिन असलेली आवृत्ती सोबत ठेवा. आणि निकाल उलटा आला तर घाबरू नका. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेच्या गटाने २०२० मध्ये एनएव्ही१.८ असलेल्या (वेदनावाहक) चेतापेशी नष्ट केलेल्या उंदरांत बी१६एफ१० गाठी उलट वेगाने वाढल्याचं छापलं आहे, २०२१ मध्ये त्याच चेतापेशींची क्रिया औषधाने कमी-जास्त करूनही त्याच दिशेचे निकाल दिले. आणखी एका गटाला स्तनाच्या ४टी१ प्रकारच्या गाठींत कॅप्साइसिनने संवेदी तंतू मारल्यावर मेटास्टॅसिस वाढलेला दिसला. मला वाटतं सगळी चेतापेशी नाहीशी करणं आणि एक पेप्टाइड अडवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत: चेतापेशीबरोबर सबस्टन्स पी, ग्लूटामेट, त्वचेचं पोषण, सगळंच जातं. म्हणूनही ग्राही टी पेशीतून काढणं हे चेतापेशी मारण्यापेक्षा स्वच्छ.

सहसंवर्धन करणार असाल तर एवढंच: पाठीच्या मुळाची गँगलिऑन कोलॅजिनेझ आणि डिस्पेझमध्ये ३७ अंशांना तासभर, मग १५ टक्के बीएसएच्या थरावरून फिरवा, नाहीतर सॅटेलाइट पेशी आणि मॅक्रोफेज चेतापेशींपेक्षा जास्त येतात आणि साइटोकाइन तेच देतात. एनजीएफ (चेतापेशींना वाढवणारं प्रथिन) ५० नॅनोग्रॅम प्रति मिली दिलं की सीजीआरपी वाढतं, पण टी पेशी घालायच्या आधी ते धुऊन काढा. ०.४ मायक्रॉनच्या जाळीआडून पेप्टाइड सहज जातं, त्यामुळे स्पर्शाची गरज आहे का हे तिथेच कळेल. पेप्टाइड सोडायला कॅप्साइसिन थेट सहसंवर्धनात घालू नका, सीडी४ पेशींवरही टीआरपीव्ही१ (कॅप्साइसिनचा ग्राही) असतो. चेतापेशींना आधी द्या, धुवा, मग टी पेशी.

वाचक_नागपूर

विषय थोडा बाजूला नेतो, क्षमस्व. सीजीआरपी अडवणाऱ्या गोळ्या मायग्रेनसाठी बाजारात आहेत. तोंडाच्या कर्करोगात इम्युनोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने त्या घेतल्या तर फायदा व्हावा, असं या सगळ्यावरून वाटतं. डॉक्टरांना विचारण्यात अर्थ आहे का?

मुखशल्य

विचारण्यात अर्थ आहे, स्वतःहून सुरू करण्यात नाही.

तोंडाच्या कर्करोगात हा धागा खरोखर महत्त्वाचा आहे. जीभ, गालाची आतली बाजू, हिरडी इथे ट्रायजेमिनल तंतूंचं जाळं दाट, गाठ मज्जातंतूच्या आवरणातून सरकते आणि वेदना हे पहिलं लक्षण असू शकतं. पिट्सबर्गच्या गटाने २०२२ मध्ये सीजीआरपी नसलेल्या उंदरांत तोंडाच्या गाठी लहान आणि त्यात लिम्फोसाइट जास्त असल्याचं दाखवलं. पण उंदीर ते रुग्ण हे अंतर फक्त नियंत्रित चाचणीनेच कापता येतं. मेलानोमाच्या रुग्णांच्या नमुन्यांत रॅम्प-१ असलेल्या सीडी८ पेशी जास्त थकलेल्या आढळल्या, हा संबंध आहे. त्यावरून औषध ठरत नाही.

प्रत्यक्षातला धोका गोळ्यांच्या आपसातल्या भांडणाचा. रिमेजेपँट ही सीजीआरपी अडवणारी गोळी यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमवर जातं. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन किंवा झटक्यांसाठी फेनिटॉइन चालू असेल तर गोळीचा परिणाम उरत नाही. इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर रक्तातली मात्रा चढते. आणि केमोच्या उलटीसाठी दिलं जाणारं ॲप्रेपिटँट, पहिल्या दिवशी १२५ आणि पुढचे दोन दिवस ८० मिग्रॅ, हेही याच एन्झाइमला मध्यम प्रमाणात अडवतं. अशा वेळी रिमेजेपँटची दुसरी गोळी ४८ तासांच्या आत घ्यायची नसते. मायग्रेन खरोखर असेल आणि गोळी आधीपासून चालू असेल तर ऑन्कॉलॉजिस्टला यादीत दाखवा. वेदनेचं चालू औषध मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

ॲप्रेपिटँटचा उल्लेख संशोधकांसाठीही करतोय. ते सबस्टन्स पीच्या एनके-१ ग्राहीचा अवरोधक आहे, म्हणजे केमो घेणाऱ्या अनेक रुग्णांत एक न्यूरोपेप्टाइड मार्ग आधीच अडवलेला असतो. शस्त्रक्रियेचे नमुने गोळा करताना ते शेवटचं कधी दिलं हा रकाना फॉर्मवर असू द्या.

मुंबईच्या टाटा मेमोरियलची एक चाचणी या संदर्भात वारंवार पुढे केली जाते, म्हणून नेमकं सांगतो. स्तनाच्या सुरुवातीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन, जास्तीत जास्त ४.५ मिग्रॅ प्रति किलो. १५८३ रुग्ण, २०२३ मध्ये प्रसिद्ध. पाच वर्षांनी रोगमुक्त ८६.६ टक्के, कंट्रोलमध्ये ८२.६, हयात ९०.१, कंट्रोलमध्ये ८६.४. एवढ्या स्वस्त औषधाने एवढा फरक पडावा ही फार मोठी गोष्ट आहे. पण लिग्नोकेन सोडियम मार्गिका बंद करतं, आणि त्या मार्गिका चेतातंतूंवर जशा तशा कर्कपेशींवरही असतात. न्यूरोपेप्टाइड थांबलं म्हणून फायदा झाला असं त्या चाचणीतून सिद्ध होत नाही, तिथे ते मोजलेलंच नाही.

रुग्णांच्या गाठीत तंतू मोजणाऱ्यांसाठी: ४ मायक्रॉनच्या पॅराफिन कापात चेतातंतू ठिपक्यासारखा दिसतो आणि बारीक तंतू सुटतातच. पीजीपी९.५ (सगळ्या चेतातंतूंचा मार्कर) आणि सीजीआरपी एकत्र रंगवून ५० ते १०० मायक्रॉनचा जाड काप घेतला तर तंतू कुठून कुठे जातो ते समजतं. पेप्टाइड मोजायचं तर तुकडा काढल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये, मग २ मोलर ॲसेटिक आम्लात ९५ अंशांना १० मिनिटं उकळून अर्क. उकळण्याने पेप्टिडेझ मरतात. बर्फावर तासभर ठेवलेल्या तुकड्यातला आकडा पेप्टाइडचा नसून पेप्टिडेझच्या शिल्लकीचा असतो.

टीपेशी_४०४

सगळ्यांचं एकत्र करून पहिली प्लेट अशी मांडली आहे. ओटी-१ पेशी, प्रतिजनाचा तुकडा रोज, पाच दिवस. मर्कॅप्टोइथेनॉलसह आणि त्याशिवाय. सीजीआरपी ०, १, १०, १०० नॅनोमोलर, रोज ताजं, ०.१ टक्के बीएसएमध्ये. १०० च्या जोडीला १ मायक्रोमोलर ओल्सेजेपँट. फोर्सकोलिन, रोलिप्रॅम वेगळे. शेवटी पेशी मोजून पुन्हा उत्तेजना. ८ ते ३७ तुकडाही अवरोधक म्हणून घ्यावा का?

पेप्टाइडकर

घ्या, पण १ मायक्रोमोलर आणि सीजीआरपीच्या १० नॅनोमोलर ओळीसमोर. १०० समोर तो पुरणार नाही, दोघंही एकाच जागेसाठी भांडतात. पेप्टाइडच्या १५ मिनिटं आधी घाला. त्यात सिस्टिन एकही नाही, म्हणून मर्कॅप्टोइथेनॉलचा त्यावर परिणाम होत नाही. दोन्ही ओळींत तो सारखाच वागला आणि सीजीआरपी मात्र एकाच ओळीत चाललं, तर तुमच्या तीन फसलेल्या प्रयोगांचं कारण हाती आलं.

एक दुरुस्ती: 'रोज ताजं' म्हणजे रोज मुख्य भागातून नवं विरल द्रावण. पहिल्या दिवशीच पाच दिवसांचं करून ४ अंशांवर ठेवू नका. आणि विरघळवण्याच्या द्रावणाचा कंट्रोल प्लेटच्या दोन्ही टोकांना ठेवा. ९६ वेलच्या प्लेटच्या कडेला पाच दिवसांत बाष्पीभवनाने मीडिया आटतो, म्हणून बाहेरच्या ओळींत नुसतं पीबीएस भरा.

चिवट_लिम्फोसाइट

रोलिप्रॅम आणि फोर्सकोलिन पाचही दिवस देऊ नका, पेशी मरतील आणि तुलनाच उरणार नाही. ते शेवटच्या पुन्हा-उत्तेजनेत, त्या ४ ते ६ तासांपुरते. दोघंही डीएमएसओमध्ये विरघळतात, म्हणून वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत आणि सगळीकडे सारखं, कंट्रोलमध्येसुद्धा. आणि पाच दिवसांच्या रोजच्या धुण्यात पेशी गळतात: ३०० जी वर ५ मिनिटं, वरचा द्रव ओतू नका, पिपेटने काढा. नाहीतर सगळ्यात हलक्या, मलूल पेशी आधी जातील आणि नेमक्या त्याच तुम्हाला हव्या आहेत.